अर्धशिशी आणि न विचारलेला प्रश्न

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना सुटलेलं इथे शांतपणे वाचता येईल.)

इयरफोन लावलेत ना? आजचा भाग शक्यतो स्पीकरवर ऐकू नका, कारण विषय जड आहे. लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल मी बोलणार आहे. तपशिलात शिरणार नाही, पण उल्लेख येतील. आज ऐकावंसं वाटत नसेल तर खुशाल बंद करा. भाग कुठे पळून जात नाही.

सुरुवात माझ्या एका मैत्रिणीपासून करते. तिला विचारूनच सांगतेय, आणि ती ओळखू येणार नाही एवढी काळजी घेतली आहे.

आम्ही पुण्यात एका होस्टेलवर एकाच खोलीत राहायचो. महिन्यातले निम्मे दिवस तिचं डोकं दुखायचं. दुखायचं म्हणजे काय, तर डोक्याला ओढणी घट्ट बांधून, पडदे ओढून, अंधारात पडून राहायची. मोबाईलचा उजेड सहन व्हायचा नाही, कुकरची शिट्टी सहन व्हायची नाही. उलट्या व्हायच्या. घरून सुंठेचा लेप यायचा, बाम यायचा आणि मावशीचा फोन यायचा. मावशीचं ठरलेलं वाक्य होतं, "लग्न झालं की थांबेल गं सगळं." एका डॉक्टरांनीही हसत हसत तेच सांगितलं होतं.

एका रात्री तिने मला सांगितलं, की नऊ वर्षांची असताना नात्यातल्या एका माणसाने तिच्यावर अत्याचार केला होता. एकदा नाही, बरेचदा. आणि मी काय विचारलं माहितीये? "तुला नक्की आठवतंय ना?"

ती म्हणाली, "राहू दे." पुढची चार वर्षं त्यावर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मला तेव्हा वाटलं होतं की मी फक्त खात्री करून घेतेय. तो प्रश्न किती जुना आहे आणि कोणाकोणाला विचारला गेलाय, हे मला इतिहास वाचायला लागल्यावर कळलं. आजचा भाग त्याच प्रश्नाबद्दल आहे.

आधी आजार समजून घेऊ

मायग्रेनला आपल्याकडे अर्धशिशी म्हणतात. अर्धं शीर्ष, म्हणजे अर्धं डोकं. मायग्रेन हा शब्दही ग्रीकमधल्या 'अर्धी कवटी' अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय. दोन भाषांनी एकच खूण पकडली. दरवेळी एकच बाजू दुखते असं नाही, पण बऱ्याच जणांना तसं होतं.

हा मेंदूचा आणि मज्जातंतूंचा आजार आहे. अनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो. महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय, त्यातले किमान आठ दिवस मायग्रेनसारखे आहेत, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, तर डॉक्टर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. माझी मैत्रीण याच गटातली.

आता मावशीच्या वाक्याकडे येऊ. "लग्न झालं की थांबेल." हे वाक्य मावशीचं नाही बरं का! सुमारे २४०० वर्षांपूर्वी, हिपोक्रेटिसच्या नावावर जे ग्रीक वैद्यकीय ग्रंथ आहेत, त्यात तरुण मुलींच्या काही त्रासांवर हाच उपाय सांगितलाय. लग्न करा, मूल होऊ द्या. बाईच्या दुखण्याचं मूळ गर्भाशयात आहे, असं मानलं जायचं. हिस्टेरिया हा शब्द गर्भाशयासाठीच्या ग्रीक शब्दावरूनच आला. पुढे अनेक शतकं डोकेदुखी, चक्कर, खोकला, आवाज जाणं, फिट येणं असं बाईचं जे जे कळत नव्हतं, ते हिस्टेरियाच्या खात्यात टाकलं गेलं.

पॅरिस: फोटो काढले, नोंदी केल्या, आणि पुढे?

आता एकदम एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये चला. साल्पेत्रिएर नावाचं प्रचंड मोठं रुग्णालय. तिथले जाँ-मार्टिन शार्को म्हणजे त्या काळातले जगातले सगळ्यात नावाजलेले मेंदूतज्ज्ञ. त्यांची एक गोष्ट मान्य करायला हवी. हिस्टेरिया म्हणजे ढोंग नाही, खरा आजार आहे, असं त्यांनी ठामपणे सांगितलं.

त्यांच्याकडे १८७५ मध्ये ऑगस्टीन नावाची मुलगी दाखल झाली. वय फक्त १४. तिचे झटके, तिच्या मुद्रा यांचे फोटो काढले गेले, आणि रुग्णालयाने छापलेल्या चित्रसंग्रहामुळे ते जगभर गाजले. आजही नेटवर सापडतात.

त्याच संग्रहात तिची माहितीही आहे. ती तेरा वर्षांची असताना, आई जिथे काम करायची त्या घरच्या मालकाने तिच्यावर बलात्कार केला होता. झटक्यात ती जे ओरडायची ते डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, आणि त्यात तो माणूस आहे, तिची भीती आहे. म्हणजे कागदावर सगळं होतं. पण शार्कोंचा सिद्धांत होता की मूळ कारण आनुवंशिक दोष. बाकी घटना म्हणजे फक्त ठिणगी. त्यामुळे तिचं ओरडणं लक्षण म्हणून तपासलं गेलं, तक्रार म्हणून नाही. १८८० मध्ये ऑगस्टीन पुरुषाचे कपडे घालून रुग्णालयातून पळून गेली. पुढे तिचं काय झालं, रुग्णालयाच्या कागदांत नाही.

व्हिएन्ना: सापडलं आणि सोडून दिलं

१८८५ च्या शेवटी व्हिएन्नाहून एक तरुण डॉक्टर शार्कोंकडे शिकायला आला. सिग्मंड फ्रॉइड. गंमत म्हणजे त्याला स्वतःलाही मायग्रेनचा त्रास होता. मित्राला लिहिलेल्या पत्रांत तो आपल्या डोकेदुखीबद्दल सांगतो.

फ्रॉइड परत गेला, दवाखाना थाटला आणि त्याने एक नवी गोष्ट केली. त्याने रुग्णांचं ऐकून घ्यायला सुरुवात केली. २१ एप्रिल १८९६ ला त्याने व्हिएन्नातल्या डॉक्टरांसमोर भाषण दिलं. म्हणाला, मी १८ रुग्ण पाहिले, बायका आणि पुरुष दोन्ही, आणि प्रत्येकाच्या मुळाशी लहानपणचा लैंगिक अत्याचार सापडला.

सभागृहाचा प्रतिसाद थंड होता. अध्यक्षस्थानी असलेले मोठे मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग म्हणाले की ही शास्त्रीय परीकथा वाटते. विचार करा, ते खरं असतं तर शहरातल्या किती प्रतिष्ठित घरांकडे बोट गेलं असतं!

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९७ मध्ये, फ्रॉइडने मित्राला पत्र लिहिलं की माझा आता त्या सिद्धांतावर विश्वास राहिलेला नाही. त्याने माघार का घेतली यावर इतिहासकार आजही भांडतात. घाबरला म्हणून, असं काही म्हणतात. काही म्हणतात की पुरावाच कच्चा होता, त्याने रुग्णांवर दबाव आणून आठवणी काढल्या होत्या. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. सगळ्याच रुग्णांच्या मुळाशी एकच कारण, हा दावा टिकणारा नव्हताच. पण मागे फिरताना तो दुसऱ्या टोकाला गेला. आता भर मनातल्या इच्छांवर आणि कल्पनांवर आला. अत्याचार होतच नाहीत असं तो कधी म्हणाला नाही, पण आधी जो माणूस शोधायचा होता, तो प्रश्नातून बाजूला झाला.

याची किंमत कोणी मोजली? त्यातल्या एका मुलीची गोष्ट आपल्याला चांगली माहिती आहे.

इडा

इडा बाउअर. जन्म १८८२, व्हिएन्ना. वडील कापड कारखानदार. भाऊ ओटो पुढे ऑस्ट्रियाचा मोठा समाजवादी नेता झाला. फ्रॉइडच्या पुस्तकात ती 'डोरा' या टोपणनावाने येते.

बाराव्या वर्षाच्या सुमारास इडाचं अर्धं डोकं दुखायला लागलं. सोबत खोकला. पुढे तर आठवडेच्या आठवडे तिचा आवाज बसायचा.

घरातली भानगड अशी होती, की वडिलांचं एका मित्राच्या बायकोशी प्रकरण चालू होतं. त्या मित्राला फ्रॉइडने 'के.' म्हटलंय. इडा तेरा-चौदा वर्षांची असताना या के. ने तिला मिरवणूक बघायला आपल्या दुकानात बोलावलं. बायकोला घरीच थांबवलं, नोकरांना सुट्टी दिली, शटर खाली ओढायला लावलं आणि तिला धरून तिचं चुंबन घेतलं. तिला किळस आली. ती पळाली. पंधरा-सोळा वर्षांची असताना, एका तळ्याकाठी फिरताना त्याने पुन्हा तिच्याकडे मागणी केली. तिने त्याला थोबाडीत मारली, आणि या वेळी घरी सांगितलं.

वडिलांनी के. ला विचारलं. त्याने कानावर हात ठेवले. वर म्हणाला, ही मुलगी नको ती पुस्तकं वाचते, तिनेच काहीतरी मनात रचलं असेल. वडिलांनी त्याचं म्हणणं धरलं. का धरलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. के. शी भांडण झालं असतं तर त्यांचं स्वतःचं प्रकरण संपलं असतं. आपल्याला या सौद्यात दिलं गेलंय, असं इडा स्पष्ट म्हणायची.

तिने आत्महत्येची चिठ्ठी लिहिली. ती घरच्यांना सापडली, आणि १९०० च्या ऑक्टोबरात वडील तिला फ्रॉइडकडे घेऊन गेले. हिला जरा शुद्धीवर आणा, अशी त्यांची विनंती होती.

आता इथे नीट ऐका. फ्रॉइडने तिच्यावर अविश्वास दाखवला नाही! दुकानात काय झालं, तळ्याकाठी काय झालं, ते त्याने खरं मानलं. वडिलांचा डावही त्याने ओळखला. पण मग तो तिला सांगत बसला की तुझं के. वर मनातून प्रेम आहे. चौदा वर्षांच्या निरोगी मुलीला अशा प्रसंगी उत्तेजन वाटायला हवं होतं, किळस वाटली हेच आजाराचं लक्षण, असंही त्याने लिहून ठेवलंय. हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला होता.

अकरा आठवड्यांनी, ३१ डिसेंबर १९०० ला, इडाने उपचार बंद केले. काही महिन्यांनी ती के. च्या घरी गेली आणि तळ्याकाठचा प्रसंग त्याच्या तोंडून कबूल करून घेतला. अठरा वर्षांच्या मुलीने, एकटीने. हे आपल्याला कळतं ते फ्रॉइडच्या पुस्तकामुळेच. त्याने ते १९०५ मध्ये छापलं आणि ती कबुलीही त्यात लिहिली. पुढे नाझींच्या काळात तिला युरोप सोडावा लागला. १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती वारली. १९५७ मध्ये, तिला एकदा तपासलेल्या एका डॉक्टरने लेख लिहिला. त्यात तिच्याबद्दल कोणीतरी काढलेला शेरा नोंदवलाय, की ती आपण पाहिलेल्या सगळ्यात किळसवाण्या हिस्टेरिक बायकांपैकी एक होती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. इडाची अर्धशिशी सुरू झाली बाराव्या वर्षी, म्हणजे दुकानातल्या प्रसंगाच्या आधी. आणि फ्रॉइडच्या नोंदीप्रमाणे ती सोळाव्या वर्षापर्यंत थांबलीही. म्हणजे 'के. मुळे मायग्रेन' असं सरळ समीकरण तिच्या बाबतीत मांडता येत नाही. मी ते मांडणारही नाही. तिची गोष्ट सांगितली ती दुसऱ्या कारणासाठी. दुखणाऱ्या मुलीने जे घडलं ते स्वतःहून सांगितलं, आणि एकाने ते खोटं ठरवलं, दुसऱ्याने खरं मानूनही त्याचा दोष तिच्याच मनावर टाकला.

मोजायला सुरुवात

पुढची काही दशकं पटकन ओलांडू. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे हातपाय थरथरू लागले, आवाज गेले, डोकी दुखू लागली, तेव्हा 'शेल शॉक' हा शब्द आला. पुरुषांचं दुखणं म्हणून त्याची दखल लवकर घेतली गेली, तरी त्यांनाही भित्रे म्हटलं गेलंच. १९३७ मध्ये हॅरॉल्ड वुल्फ या अमेरिकन डोकेदुखीतज्ज्ञाने मायग्रेनच्या माणसाचा एक ठरावीक स्वभाव मांडला: महत्त्वाकांक्षी, टापटिपीचा, ताठर. म्हणजे पुन्हा दोष माणसाच्या स्वभावाचा.

१९७० च्या दशकात स्त्रीवादी चळवळीने घरातल्या अत्याचारांवर उघड बोलायला भाग पाडलं. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीतून हिस्टेरिया हे निदान गेलं आणि त्याच यादीत पीटीएसडी आलं.

१९८५ च्या सुमारास सॅन दिएगोमध्ये व्हिन्सेंट फेलिट्टी नावाचे डॉक्टर वजन कमी करण्याचा कार्यक्रम चालवत होते. वजन छान उतरत असलेले लोकच मध्येच सोडून का जातात, हे त्यांना कळेना. म्हणून ते मुलाखती घेत होते. एका बाईला विचारायचं होतं की लैंगिक संबंध सुरू झाले तेव्हा वय किती होतं. तोंडातून चुकून निघालं, वजन किती होतं? ती म्हणाली, चाळीस पौंड. म्हणजे सुमारे १८ किलो. आणि ती म्हणाली, माझ्या वडिलांबरोबर.

एका चुकलेल्या प्रश्नाने दार उघडलं. पुढे फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी १७ हजारांहून जास्त लोकांना लहानपणाबद्दल थेट प्रश्न विचारले. पहिला अहवाल १९९८ मध्ये आला. त्याच माहितीवरून २०१० मध्ये डोकेदुखीचा हिशेब मांडला गेला. लहानपणचे वाईट अनुभव जितक्या प्रकारचे, तितकी मोठेपणी वारंवार डोकं दुखण्याची शक्यता जास्त. पाच किंवा अधिक प्रकारचे अनुभव असणाऱ्यांमध्ये धोका दुपटीहून जास्त.

त्याच वर्षी ग्रेचेन टीटजेन या मेंदूतज्ज्ञ बाईंनी आणि सहकाऱ्यांनी ११ डोकेदुखी केंद्रांतल्या मायग्रेनच्या १,३४८ रुग्णांना विचारलं. चौघांपैकी एकाने लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. सतत अपमान, धमक्या असा भावनिक छळ तर ३८ टक्क्यांनी सांगितला. २०२३ मध्ये १९ देशांतल्या २८ अभ्यासांची, दीड लाखाहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. लहानपणी असा किमान एक आघात झालेल्यांमध्ये मायग्रेनसारख्या डोकेदुखीची शक्यता सुमारे ४८ टक्क्यांनी जास्त निघाली.

हे शरीरात कसं घडत असेल?

सोप्या भाषेत सांगते. धोका दिसला की शरीर अलार्म वाजवतं. कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढतात, धोका गेला की खाली येतात. पण धोका घरातच असेल, रोज असेल, आणि मेंदू अजून वाढत असेल, तर हा अलार्म नीट बंद व्हायचं शिकतच नाही. झोप बिघडते, चिंता राहते.

मायग्रेनचा मेंदू मुळातच संवेदनशील असतो. चेहऱ्याकडून आणि मेंदूच्या आवरणांकडून वेदना नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस त्यात मुख्य. ती जागी झाली की सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं आणि दुखणं भडकतं. हे यंत्र शोधणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं. वाईट झोप, सततचा ताण यांनी हे यंत्र पुन्हा पुन्हा चालू होतं, आणि अधूनमधून येणारं मायग्रेन क्रॉनिक होऊ शकतं. सगळे दुवे अजून जुळलेले नाहीत, पण दुखणं 'मनाचे खेळ' नाही एवढं पक्कं आहे.

दोन खड्डे

आता दोन इशारे. पहिला: मायग्रेन आहे म्हणजे लहानपणी काहीतरी झालंच असेल, असं अजिबात नाही. बहुतेकांची अर्धशिशी घराण्यातून आलेली असते. कोणाचं डोकं दुखतंय म्हणून तिच्या आठवणी उकरू नका. फ्रॉइडने १८९६ मध्ये हीच चूक केली.

दुसरा: असं काही झालं असेल, तर "मग हे मानसिक आहे" म्हणून औषध थांबवायचं नाही. झटका थोपवायची औषधं आहेत, झटके कमी करायची आहेत, आणि आता थेट सीजीआरपीवर काम करणारी इंजेक्शनंही आहेत. आघातावर काम करणारं समुपदेशन त्याच्या जोडीला घ्यायचं, त्याच्या ऐवजी नाही.

आणि आपल्याकडे हे होत नाही, असं कोणी म्हणालं तर केंद्र सरकारचा २००७ चा अभ्यास दाखवा. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं होतं. ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला. यात मुलगेही होते, भरपूर होते. त्यानंतर २०१२ मध्ये पॉक्सो कायदा आला.

परत मैत्रिणीकडे

मागच्या वर्षी ती एका नव्या मेंदूतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी कुटुंबात कोणाला अर्धशिशी आहे का विचारलं, आईला होती. झोप विचारली. गोळ्या किती घेते ते विचारलं. फार घेत होती, आणि रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनीही डोकं दुखत राहतं, हे तिला पहिल्यांदा कळलं. मग ते म्हणाले, "हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो, उत्तर द्यायलाच हवं असं नाही. लहानपणी किंवा नंतर, कोणी तुम्हाला इजा केली होती का?"

ती म्हणाली, हो. ते म्हणाले, "सांगितलंत, बरं केलंत." आणि पुढे लिहू लागले.

तिचं डोकं अजून दुखतं. महिन्यातून पाच-सहा दिवस. आधी सोळा-सतरा होते.

हे सगळं तिनेच मला फोन करून सांगितलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "तू काय वाईट हेतूने विचारलं नव्हतंस. पण त्या दिवशी मला पुरावा नको होता गं, माणूस हवं होतं."

तुमच्याशी कोणी असं बोललं, तर खात्री करत बसू नका. "बरं झालं सांगितलंस, आता काय केलं तर तुला बरं वाटेल?" एवढं पुरे. आणि तुम्ही स्वतः यातून गेला असाल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८ आहे.

आजच्यापुरतं इतकंच. पाणी प्या, थोडा वेळ स्क्रीन बंद ठेवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.